घरामागचा स्विमिंग पूल: खड्डा खणण्याआधी काय काय ठरवायचं

घरामागे मोकळी जागा आहे, मुलं पोहायला आसुसलेली आहेत आणि घरातल्या कुणीतरी मोबाइलवर निळ्याशार पाण्याचे फोटो दाखवून सगळ्यांना भरीला घातलंय. बहुतेक घरगुती पुलांची सुरुवात अशीच होते आणि त्यात वावगं काही नाही. फक्त फोटोतला पूल रिकामा असतो. काठावर ओले टॉवेल नसतात, पायरीवर कुणी बसलेलं नसतं, जाळीत अडकलेली पानं काढणारा माणूस तर चुकूनही दिसत नाही. आपल्याला आखायचाय तो कुठल्याही साध्या संध्याकाळी घरचीच तीन-चार माणसं अर्ध्या तासासाठी उतरतील असा पूल. पाहुण्यांनी गजबजलेला दिवस वर्षातून मोजक्या वेळा येतो, त्याच्यासाठी माप वाढवायचं नाही. लांबी, खोली, जागा, पंप, सगळं त्या साध्या संध्याकाळच्या हिशेबाने ठरवलं, तर पैसे वाचतात आणि पूल वापरातही राहतो.

आधी माणसं, मग माप

एक कागद घ्या आणि पुलात कोण कोण उतरणार ते लिहा. नाव, वय, पोहता येतं का, असे तीन रकाने पुरेत. शेजारी चौथा रकाना काढा: सहा-सात वर्षांनी काय? आज कडेवर असलेलं मूल तेव्हा उड्या मारत असेल, आज उड्या मारणारं कदाचित घराबाहेर शिकायला गेलेलं असेल, आणि आजी-आजोबांना शिडी चढणं जमत नसेल. हा कागद समोर ठेवून खोलीचा विचार केला की बऱ्याच हौसेच्या कल्पना आपोआप गळून पडतात.

घरच्या पुलात माणसं पोहतात कमी आणि उभी राहतात, बसतात, चेंडू फेकतात जास्त. त्यासाठी छातीइतकं पाणी लागतं, डोक्यावरून जाणारं नाही. उथळ टोकाला ०.९ मीटर आणि खोल टोकाला १.४ ते १.५ मीटर एवढी खोली बहुतेक कुटुंबांना पुरते. मोठ्या माणसाला कुठेही पाय टेकता येतात आणि हातपाय न घासता पोहताही येतं. यापेक्षा खोल जायचं तर कारण हवं. ‘सूर मारायला’ हे कारण असेल तर थांबा. डोकं खाली करून उडी मारायला किमान ९ फूट, म्हणजे सुमारे २.७ मीटर पाणी लागतं, आणि तेवढी खोली एका कोपऱ्यात असून भागत नाही, उडी जिथवर जाते तिथवर ती लागते. दोन मीटरच्या पाण्यात सूर मारून मानेचा मणका दुखावलेली माणसं आयुष्यभर अंथरुणाला खिळतात. तेव्हा घरच्या पुलात सूर नाही हे सुरुवातीलाच ठरवून टाका आणि काठावर तशी पाटीही लावा.

उथळाकडून खोलाकडे जाणारा उतार हळुवार ठेवा, १० ते १२ फुटांना १ फूट एवढाच. जमीन मध्येच एकदम खाली जाणं हा न पोहणाऱ्यासाठी सगळ्यात वाईट प्रकार. एका पावलापर्यंत पाणी कमरेला असतं आणि पुढच्या पावलाला नाकातोंडात जातं. उतार सुरू होतो तिथे गडद टाइलची एक पट्टी तळावर टाकून घ्या. पाण्यातून ती स्पष्ट दिसते.

पायऱ्यांकडे नवखे लोक फार कमी लक्ष देतात, आणि वापर मात्र सगळ्यात जास्त त्यांचाच होतो. भिंतीला टेकवलेली स्टीलची शिडी तरुणांना चालते. लहान मुलं, गरोदर बाई, गुडघेदुखीचं माणूस यांना रुंद पायऱ्या आणि एका बाजूला कठडा लागतो. पायरीची उंची ३० सेंटिमीटरच्या आत, पाय ठेवायची जागा त्याहून कमी नको, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी. जागा असेल तर सर्वात वरची पायरी दीड-दोन मीटर रुंद करून तिच्यावर २० ते ३० सेंटिमीटर पाणी ठेवा. रांगतं मूल आणि त्याच्यासोबत बसलेली आई, दोघांची सोय एका ओट्यात होते. पुलाच्या नकाशात पैसे वाढवायचे असतील तर माझ्या मते ते या ओट्यावर वाढवावेत, धबधब्यावर नव्हे.

ज्यांना खरोखर व्यायाम म्हणून पोहायचंय त्यांची गोष्ट निराळी. आठ मीटरच्या पुलात चार-पाच हात मारले की भिंत येते. सलग पोहायला १२ ते १५ मीटर लांबी बरी, रुंदी मात्र अडीच मीटरही चालते. लांबडा, अरुंद, एकाच खोलीचा पूल दिसायला साधा वाटतो, पण व्यायामाला तोच बरा. तेवढी लांबी नसेल तर कमरेला लवचिक दोर बांधून जागच्या जागी पोहता येतं. त्यासाठी काठात एक हुक बसवून घ्यायचा, बस्स.

जागा ठरवताना

पहिला निकष: घरात जिथे माणसांचा सर्वाधिक वेळ जातो, तिथून अख्खा पूल दिसला पाहिजे. स्वयंपाकघराची खिडकी, बसायची खोली, व्हरांडा, जे असेल ते. तिथे उभं राहून पाहा. झुडूप, पाण्याची टाकी, भिंतीचा कोपरा यांच्यामागे पाण्याचा एखादा भाग लपत असेल तर जागा बदला. बुडणारं मूल हाका मारत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, त्यामुळे आवाजच फुटत नाही. आवाजावर विसंबून चालत नाही, नजरच लागते.

मग ऊन. सावलीतलं पाणी गार राहतं आणि गार पाण्यात कुणी उतरत नाही. संध्याकाळी पोहायचं असेल तर दुपारनंतरचं ऊन पाण्यावर येईल अशी बाजू निवडा. बसायच्या जागेवर मात्र सावली हवीच. झाडं पुलापासून लांब बरी: पानं, फुलं, फळं पाण्यात पडतात, त्यांच्यावर क्लोरीन खर्च होतं आणि मुळं पाइपांत शिरतात. पुलाच्या चहूबाजूंनी बाग करायची हौस असेल तर पानगळ न होणारी, खोल मुळं न सोडणारी झाडं निवडा आणि तीही अशा बाजूला लावा, जिथून वारा पानं पुलाकडे आणणार नाही.

वाऱ्याचा उल्लेख आलाच आहे तर स्किमरचंही सांगून टाकतो. स्किमर म्हणजे पाण्याच्या पातळीवर भिंतीत बसवलेलं तोंड, ज्यातून पृष्ठभागावरचा कचरा ओढला जातो. वारा बहुतेक वेळ ज्या दिशेला वाहतो त्या टोकाला स्किमर ठेवला तर पानं आपण होऊन त्याच्याकडे ढकलली जातात. गाळलेलं पाणी परत सोडणारी तोंडं समोरच्या बाजूला. नकाशावर ही जागा बदलायला खोडरबर पुरतं. काँक्रीट झाल्यावर मात्र ते फोडावं लागतं.

जमिनीखाली काय आहे ते कळल्याशिवाय यंत्र लावू नका. सांडपाण्याची लाइन, शोषखड्डा, विजेची केबल, गॅसची नळी, काहीही निघू शकतं. वरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली तर पूल नकोच, कारण पूल साफ करायचा दांडा ॲल्युमिनियमचा असतो आणि तो सहज चार-पाच मीटर लांब होतो. घराच्या पायाजवळ खणायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक फावडंही मारू नये. पुलाचा खड्डा पायाखालच्या मातीचा आधार काढून घेऊ शकतो.

भूजलाची पातळी हा विषय कंटाळवाणा वाटतो, पण इथेच मोठी नुकसानी होते. पुलाच्या खोलीपेक्षा अर्धा-पाऊण मीटर जास्त खोल असा एक छोटा खड्डा घेऊन ठेवा आणि शक्य झाल्यास सर्वात ओल्या मोसमात त्यात पाणी कुठवर चढतं ते पाहा. जमिनीत पाणी वर असेल आणि कधी दुरुस्तीसाठी पूल रिकामा केला, तर खालचं पाणी अख्खी टाकी उचलतं. फायबरग्लासची टाकी तर होडीसारखी वर येते. त्यासाठी तळात हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खालच्या पाण्याचा दाब मोकळा करणारी झडप) आणि खाली खडीचा थर, पाणी काढायला नळी, अशी तजवीज आधीच करावी लागते. फुगणारी-आकसणारी चिकणमाती असेल तरी इंजिनिअरला ते आधी सांगा, कारण त्याने स्टील आणि जाडीचा हिशेब बदलतो.

हे सगळं जमलं की खुंट्या ठोका, दोरी ताणा आणि पुलाची कड चुन्याच्या फक्कीने जमिनीवर आखा. डेक, म्हणजे पुलाभोवतीची फरशीची जागा, आणि कुंपण यांची रेघही आखा. निदान आठवडाभर ती आखणी तशीच राहू द्या. कपडे वाळत घालायला कुठून जायचं, सायकल कुठून न्यायची, खुर्च्या मांडल्यावर चालायला किती जागा उरते, हे त्या रेघांभोवती वावरताना कळतं. बऱ्याच घरांत याच आठवड्यात पुलाची लांबी मीटरभराने कमी होते. माती काढायला जेसीबी आणि ट्रक कुठून आत येणार तेही याच वेळी मोजून घ्या. फाटक अरुंद निघालं तर कंपाउंडची भिंत फोडण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरावा लागतो.

थोडं गणित

लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये. येणाऱ्या आकड्याला हजाराने गुणलं की लिटर मिळतात. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ०.९ ते १.५ मीटर खोल पूल धरू. सरासरी खोली १.२, म्हणजे ३८.४ घनमीटर, ३८,४०० लिटर, वजनाने ३८ टनांहून जास्त. आता ‘होतंच आहे तर थोडा मोठा करू’ म्हणून १० बाय ५ केला आणि सरासरी खोली दीड मीटर धरली, तर पाणी ७५,००० लिटर. नकाशावर थोडासाच मोठा दिसणारा पूल पाण्याने जवळजवळ दुप्पट होतो. मग पंप मोठा, फिल्टर मोठा, औषधं दुप्पट, वीज जास्त, आणि तेही दर महिन्याला, पूल असेतोवर.

मातीचंही तसंच. ८ बाय ४ च्या पुलासाठी भिंतींची जाडी आणि तळ धरून साधारण ९ बाय ५ मीटरचा, १.६ मीटर खोल खड्डा होतो. ते झाले ७२ घनमीटर. खणलेली माती सुटी झाल्यावर पाव पटीने फुगते, म्हणजे ९० घनमीटर. सहा घनमीटरच्या ट्रकच्या १५ खेपा. ही माती कुठे टाकायची आणि वाहतूक कुणाच्या खर्चाने, हे करारात लिहिलेलं नसेल तर पहिलं भांडण इथेच होतं.

पाणी आणायचं कुठून, हाही प्रश्न आहे. एकदा भरलेला पूल नीट राखला तर वर्षानुवर्षं रिकामा करावा लागत नाही, पण बाष्पीभवन रोज होतं. ३२ चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडालं तर १६० लिटर होतं. पाण्याची तंगी असलेल्या ठिकाणी पुलाचा आकार याच आकड्यावरून ठरवावा. पाणी झाकायचं आच्छादन वापरलं की हा आकडा बराच खाली येतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीप्रमाणे वरून घालाव्या लागणाऱ्या पाण्यात ३० ते ५० टक्के बचत होते.

काँक्रीट, फायबरग्लास की लाइनर?

आरसीसी पूल हव्या त्या आकाराचा, मापाचा होतो आणि पिढीभर टिकतो. पण वेळ खातो. काँक्रीटला पुरेशी ताकद यायला २८ दिवस लागतात, त्याआधी-नंतर वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, टाइल. काही महिने अंगणाची रया जाणार हे धरूनच चला. फायबरग्लासची टाकी कारखान्यातून तयार येते, खड्ड्यात बसते आणि काम काही आठवड्यांत उरकतं. गुळगुळीत असल्याने शेवाळही कमी धरतं. मात्र आकार कॅटलॉगमधलाच, आणि रुंदी रस्त्यावरून नेता येईल तेवढीच. लाइनरचा पूल म्हणजे चौकटीवर ताणलेलं जाड प्लास्टिक. सुरुवातीचा खर्च कमी, पण काही वर्षांनी लाइनर बदलावा लागतो आणि कुत्र्याच्या नखांशी त्याचं जमत नाही.

चौथा पर्याय जमिनीवर उभा करायच्या टाकीचा. त्याला लोक नाक मुरडतात, पण मुलं लहान असतील आणि पूल खरंच वापरला जाईल का याची खात्री नसेल, तर दोन हंगाम तो वापरून पाहण्यात शहाणपण आहे. जमीन मात्र पक्की आणि सपाट हवी. गच्चीवर किंवा बाल्कनीत असा पूल इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय ठेवू नका, कारण मीटरभर खोल पाण्याचं वजन दर चौरस मीटरला एक टन होतं.

विटांच्या भिंतींवर प्लास्टर करून ‘स्वस्तात पूल’ बांधून देणारे भेटतात. त्यांना नमस्कार करून पुढे चला.

कुंपण आधी, सजावट नंतर

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत बुडून मरण्याचं प्रमाण सर्वात जास्त आहे ते १ ते ४ वर्षांच्या मुलांत. या वयाच्या मुलाला पाण्याची भीती नसते आणि ते घरातून बाहेर पडल्याचं पाच मिनिटं कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून पुलाला चारही बाजूंनी स्वतंत्र कुंपण लागतं. घराची भिंत ही चौथी बाजू धरली, तर घराचं मागचं दार उघडं राहिलं की कुंपणाचा उपयोग संपला. उंची किमान १.२ मीटर, उभ्या गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी, आणि पाय ठेवून चढता येईल असा आडवा गज बाहेरच्या बाजूने नको. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं, सोडल्यावर आपोआप मिटणारं आणि कडी आपोआप लागणारी. कडी मुलाच्या हाताला लागणार नाही एवढ्या उंचीवर. कुंपणाशेजारी कुंड्या, खुर्च्या, खोकी ठेवायची नाहीत, त्यांच्यावर चढून मुलं पलीकडे जातात. पोहणं झालं की खेळणी पाण्यातून बाहेर काढा. तरंगता चेंडू लहान मुलाला पाण्याकडे ओढून नेतो.

नियम ठिकाणागणिक वेगळे असतात. कुंपणाची उंची, हद्दीपासूनचं अंतर, सांडपाणी कुठे सोडायचं, या तिन्ही गोष्टी स्थानिक प्रशासनाकडून लेखी समजून घ्या आणि परवानगी हातात आल्यावरच खणायला सुरुवात करा. विमा असेल तर विमा कंपनीलाही कळवा.

कुंपण, झाकण, धोक्याची घंटा हे सगळं मदतीला. पाण्यात मूल असताना एका मोठ्या माणसाचं काम फक्त बघणं हेच असलं पाहिजे, हातात फोन नको. काठावर लांब दांडा आणि दोर बांधलेली रिंग कायम टांगलेली हवी. घरातल्या निदान दोघांनी सीपीआर शिकून घ्यावं. बुडालेल्या माणसाला नुसते छातीवर दाब देऊन भागत नाही, तोंडाने श्वासही द्यावा लागतो, म्हणून ते प्रत्यक्ष हाताने करून शिकणं बरं.

जे दिसत नाही त्यावर खर्च करा

पाहुणे टाइलचं कौतुक करतात, पाइपांचं कुणी करत नाही. पण पूल निळा राहतो तो पाइपांमुळे.

सगळं पाणी सहा ते आठ तासांत एकदा फिल्टरमधून गेलं पाहिजे. आपल्या ३८.४ घनमीटरच्या पुलाला सहा तासांच्या हिशेबाने ताशी ६.४ घनमीटर प्रवाह लागतो. विक्रेत्याला ‘किती हॉर्सपॉवर’ विचारण्याऐवजी हा प्रवाह सांगा आणि पाइपांचा, वळणांचा, फिल्टरचा अडथळा धरून पंप निवडायला सांगा. पाइप एक माप मोठा घेतला तर पंपाला जोर कमी लागतो, आणि फिल्टर एक माप मोठा घेतला तर तो उशिरा तुंबतो. या दोन ठिकाणी चिंगूसपणा नको. पंप मात्र उगाच मोठा नको.

वेग कमी-जास्त करता येणारा पंप सुरुवातीला महाग पडतो, तरी घ्यावा. त्यामागचं गणित मजेशीर आहे: पंपाचा वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो, पण लागणारी वीज जवळपास एक अष्टमांशावर येते. मग तेवढंच पाणी फिरवायला दुप्पट वेळ लागला तरी विजेचा खर्च साधारण पाव होतो. आवाजही कमी, आणि हळू वाहणारं पाणी वाळूतून जास्त नीट गाळलं जातं.

फिल्टर तीन प्रकारचे. वाळूचा फिल्टर २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचा गाळ धरतो, सोपा आणि दणकट, पण उलट्या प्रवाहाने धुताना म्हणजे बॅकवॉश करताना शेकडो लिटर पाणी जातं. कार्ट्रिज म्हणजे घड्या घातलेल्या कापडाचं नळकांडं, ते त्याहून बारीक गाळतं, पाणी कमी लागतं, पण ते काढून हाताने धुवावं लागतं. डायटोमेशियस मातीचा फिल्टर सर्वात बारीक आणि सर्वात किचकट. नवख्याने वाळूचा घ्यावा, पाण्याची टंचाई असेल तर कार्ट्रिजचा. फिल्टरवर प्रेशर गेज असतो. स्वच्छ फिल्टरचा आकडा खडूने शेजारी लिहून ठेवा. काटा त्याहून ८ ते १० पीएसआय वर गेला की बॅकवॉश. दर आठवड्याला ठरवून बॅकवॉश करायची गरज नसते, काटा सांगेल तेव्हाच.

मेन ड्रेनबद्दल, म्हणजे तळाशी पाणी पंपाकडे ओढून घेणाऱ्या तोंडाबद्दल, मात्र तडजोड नाही. एकच ड्रेन असला आणि त्यावर मुलाचं अंग किंवा केस ओढले गेले, तर पंपाची ओढ मोठ्या माणसालाही सोडवता येत नाही. अमेरिकेत २००२ साली सात वर्षांची एक मुलगी अशीच हॉट टबच्या ड्रेनला चिकटून बुडाली, आणि २००७ मध्ये तिच्या नावाने व्हर्जिनिया ग्रॅम बेकर पूल अँड स्पा सेफ्टी ॲक्ट हा कायदा झाला. आपण करायचं ते इतकंच: एकमेकांपासून किमान ०.९ मीटर अंतरावर दोन ड्रेन एकाच पाइपाला जोडायचे, म्हणजे एक झाकला गेला तरी ओढ दुसऱ्याकडून घेतली जाते, आणि दोन्हींवर फुगीर, केस न अडकणारी प्रमाणित झाकणं. झाकण तुटलं किंवा सैल झालं तर ते बदलेपर्यंत पूल बंद.

वीज अनुभवी इलेक्ट्रिशियनचंच काम आहे. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, त्यांचा ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून दूर. पंपाच्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच. कठडा, शिडी, पंपाची बॉडी, स्लॅबचं स्टील हे सगळे धातूचे भाग एकमेकांना जोडून बाँडिंग केलेलं हवं. पंपाची खोली हवेशीर ठेवा आणि क्लोरीन तिथे पंपाशेजारी साठवू नका, वाफेने धातू गंजतो.

पाण्याचं औषधपाणी

पूल बांधायच्या आधी हा भाग समजून घ्या, कारण रोजचं काम हेच. घरात हे कोण करणार ते आत्ताच ठरवा. ‘सगळे मिळून करू’ हे उत्तर धरू नका.

पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) ७.२ ते ७.८ मध्ये, मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत एवढे भाग), अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारी क्षारता, ८० ते १२० पीपीएम. या तिघांत पीएच आधी. तो ७.५ असताना क्लोरीनचा साधारण निम्मा भाग खऱ्या अर्थाने जंतू मारणारा असतो. पीएच ८ झाला की हा भाग पावावर येतो. म्हणजे क्लोरीन ओतत राहायचं आणि पाणी हिरवंच, असं झालं तर बहुधा पीएच चढलेला असतो. आपल्या पुलात क्लोरीन १ पीपीएमने वाढवायला ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट सुमारे ६० ग्रॅम लागतं. स्वयंपाकघरातला नको, वेगळा वजनकाटा घ्या.

उन्हात क्लोरीन फार भराभर उडतं, तासाभरात निम्म्याहून जास्त. म्हणून उघड्यावरच्या पुलात सायन्युरिक ॲसिड ३० ते ५० पीपीएम ठेवतात आणि क्लोरीन संध्याकाळी टाकतात. पुलाला ‘क्लोरीनचा’ उग्र वास येतो तेव्हा क्लोरीन जास्त झालंय असं लोक समजतात. खरं तर घाम, लघवी यांच्याशी संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा तो वास असतो, आणि बहुधा नवीन क्लोरीन कमी पडत असतं. पुलात उतरण्यापूर्वी अंघोळ करायला लावण्यामागे हे कारण आहे. म्हणून पुलाशेजारी एक उघडा शॉवर नकाशातच धरा.

मिठाच्या पुलाची जाहिरात ‘क्लोरीनमुक्त’ अशी होते. तसं नसतं. विरघळलेल्या मिठापासून यंत्र तिथल्या तिथे क्लोरीनच बनवतं. मीठ घनमीटरला ३ ते ४ किलो, म्हणजे आपल्या पुलाला साधारण १३५ किलो. पाणी मऊ लागतं, रोजची मोजदाद कमी होते, पण यंत्रातला सेल काही वर्षांनी बदलावा लागतो आणि हलक्या प्रतीचं स्टील गंजतं.

दोन वेगवेगळी क्लोरीनची औषधं कोरडी एकत्र मिसळू नका, एकाच चमच्याने काढूही नका. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आले तर पेट घेतात, स्फोटही होतो. क्लोरीन आणि ॲसिड एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. बादलीत कालवताना आधी पाणी, मग त्यात औषध, उलटं कधीच नाही.

डेक, रंग, ऊब

डेक निदान एका बाजूला तरी दोन खुर्च्या मांडून माणूस मागून जाऊ शकेल इतका रुंद हवा. फरशी ओली असताना न घसरणारी आणि उन्हात पाय न पोळणारी, म्हणून फिकट रंगाची. नमुन्याची फरशी दुपारभर उन्हात ठेवा, तिच्यावर पाणी ओता आणि अनवाणी उभं राहून बघा, मग ऑर्डर द्या. डेकचा उतार पुलाच्या उलट दिशेला, ५० ला १. नाहीतर प्रत्येक पावसात अंगणातली माती पाण्यात.

आतल्या टाइलचा रंग फिकट घ्या. गडद निळा किंवा काळा तळ फोटोत देखणा दिसतो, पण तळाशी पडलेलं काही दिसत नाही, माणूससुद्धा. काठावरून पाणी सांडणारा ‘इन्फिनिटी’ पूल सपाट अंगणात बांधू नये. त्याला वेगळी बॅलन्सिंग टाकी, वेगळा पंप लागतो, आणि पलीकडे उतार किंवा दरी नसेल तर दिसायचं ते दिसतही नाही.

गार हवेत पूल वापरायचा असेल तर आधी आच्छादन, मग हीटर. पुलाची बहुतेक ऊब वरून, बाष्पीभवनातून जाते. सोलर हीटर बसवायचा तर पॅनेलचं क्षेत्रफळ पुलाच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून तेवढ्याच मापापर्यंत लागतं. तेवढी गच्ची आहे का ते बघा. आत्ता हीटर नको असला तरी पंपाच्या खोलीत त्यासाठी दोन टी-जॉइंट आणि व्हॉल्व्ह ठेवून घ्या.

काम देताना आणि ताब्यात घेताना

कंत्राटदाराचे नवे नाही, चार-पाच वर्षं जुने पूल जाऊन बघा. नवा पूल सगळ्यांचाच चकचकीत असतो. जुन्या पुलाच्या मालकाला एकच प्रश्न विचारा: काही बिघडलं तेव्हा फोन उचलला का?

अंदाजपत्रकात नुसता पुलाचा आकडा असतो. डेक, कुंपण, विजेची लाइन, पाण्याचं कनेक्शन, माती वाहतूक, पहिलं पाणी, उखडलेल्या अंगणाची दुरुस्ती हे सगळं वेगळं मांडून घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने आणि काम बघून: स्टील बांधल्यावर, काँक्रीट झाल्यावर, पाइपांची दाबाखाली तपासणी झाल्यावर, आणि एक चांगला हिस्सा पाण्याच्या चाचणीनंतर.

ही चाचणी टाइल लावण्याआधी करायची. टाकी भरून आठवडाभर ठेवा. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, बादलीतली आणि पुलातली पातळी खुणा करून घ्या, पंप बंद ठेवा. चोवीस तासांनी दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या असतील तर ते बाष्पीभवन. पुलाची जास्त उतरली असेल तर गळती. बादली तीच ठेवून पंप चालू करून पुन्हा मोजा. तेव्हाच फरक वाढला तर गळती पाइपात आहे, भिंतीत नव्हे. हीच चाचणी पुढे कधीही शंका आली की घरच्या घरी करता येते.

पाइप मातीखाली जाण्याआधी प्रत्येक जोडाचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी पसरून. कोणता व्हॉल्व्ह कशाचा त्याच्या पट्ट्या लावून घ्या. ताबा घेताना कंत्राटदाराच्या माणसाला बॅकवॉश करून दाखवायला सांगा आणि मग त्याच्यासमोर स्वतः एकदा करा: पंप बंद, व्हॉल्व्हची मूठ बॅकवॉशवर फिरवा, पंप चालू, व्हॉल्व्हच्या काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबा, पंप बंद, मूठ रिन्सवर, पंप अर्धा मिनिट चालू, पंप बंद, मूठ पुन्हा फिल्टरवर. पंप चालू असताना मूठ फिरवायची नाही, आतली रबरी गॅस्केट फाटते.